‘मंडई’ची कॅसेट मागे नेली होती का?

गुरुवार, दुपार

प्रिय आत्या,

उद्या सकाळी अकरा वाजता नारायण पेठेत तुझी कॅसेट वाजणार आहे आणि माझ्या पोटात आत्तापासूनच गोळा आलाय. म्हणून लिहायला बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "गोळा आला असेल तर ओवा खावा, पत्रं काय लिहितेस?" ओवा खाल्ला. फरक नाही.

येत्या रविवारी तुला जाऊन वर्ष होईल. बाबांनी तुझ्या शनिवारच्या कॉम्प्युटर क्लासच्या जुन्या मुलामुलींना घरी बोलावलंय. त्यातल्या काहींना आता टक्कल पडलंय, काहींची मुलं कॉलेजात आहेत, तरी बाबा त्यांना ‘ताईची मुलं’च म्हणतात. परवा फोनवर ते एकीला सांगत होते, "अगं, ताईचा आवाज ऐकवणार आहोत. मनूला कॅसेट सापडलीय." मी स्वयंपाकघरात होते, ऐकता ऐकता फोडणी करपली. कॅसेट सापडलीय हे खरं आहे. तिच्यावर तुझा आवाज आहे की नाही, ते मला माहीत नाही. आणि नसेल, तर तो कुणी पुसला, ते फक्त मला माहीत आहे.

तुझा आवाज दुसरीकडे कुठेच नाही, आत्या. मी शोधायचं काही बाकी ठेवलं नाही. मोबाईलवर एक व्हॉइस मेसेज नाही, कारण "बोलायचं असेल तर समोर या" हा तुझा नियम. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत तू चांगली मिनिटभर बोलताना दिसतेस, हात हलवून कुणाला तरी झापते आहेस, आणि व्हिडिओवाल्याने त्यावर सनई टाकून ठेवली आहे. तुझे ओठ हलतात आणि सनई ऐकू येते. शेवटची दोन वर्षं तर अर्धांगवायूने तुझी वाचाच नेली. ज्या बाईच्या बोलण्याला अख्खी बिल्डिंग वचकून असायची, तिला ‘पाणी’ म्हणता येईना. बाबा हल्ली म्हणतात, "ताई कशी बोलायची, तेच विसरायला लागलोय गं."

म्हणून ही कॅसेट.

ऑफिसातल्या नव्या मुलांना मी मध्ये सांगितलं, की माझ्या आत्याच्या कॉम्प्युटरला कॅसेट लागायची. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे मॅडम, गाण्यांची?" हो बाई, गाण्यांचीच. वहीएवढं काळं यंत्र, त्याला रबराच्या कळा, दाबल्या की खोडरबर दाबल्यासारखं वाटायचं. तुझी मैत्रीण इंग्लंडहून परत येताना ते घेऊन आली होती आणि घरात कुणालाच त्याचा उपयोग कळेना म्हणून तुझ्या गळ्यात पडलं. मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी बाई, बिबवेवाडीतली एका खोलीची जागा, आमच्या बरोबर खाली. टीव्हीला एक वायर जोडायची, टेपरेकॉर्डरला दुसरी. खेळ कॅसेटवर साठवलेला. प्ले दाबलं की पाच मिनिटं टीव्हीच्या कडेने निळे-पिवळे पट्टे सळसळायचे आणि सगळं नीट झालं तर खेळ सुरू. नाहीतर पुन्हा मागे, पुन्हा पाच मिनिटं. टेपच्या आवाजाचं बटण कुठे ठेवायचं, तिथे तू माझ्या आईकडून नेलपेंट मागून आणून लाल ठिपका दिला होतास. आयुष्यात तू नेलपेंटला हात लावलास तो तेवढाच.

आणि तुझी ती सवय. प्रत्येक प्रोग्रॅम कॅसेटवर चढवण्याआधी तू आधी स्वतः बोलायचीस. "क्रमांक चार. बेरजेचा खेळ. सुरू करण्यापूर्वी हात पुसावेत. मध्येच टेपला हात लावू नये, ते आपल्या तीर्थरूपांचं नाही." कॉम्प्युटरला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्याला माणसाचं बोलणं कळायचंच नाही, तो फक्त त्या कर्कश शिट्टीची वाट बघत बसायचा. बोलायचीस ते मुलांसाठी. शनिवारी दुपारी दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत आठ डोकी टीव्हीपुढे, आणि ती सूचना आली की सगळी तुझ्याकडे बघून हसायची, आणि तू, जणू दुसरीच कुणी बोलते आहे अशा चेहऱ्याने वायर जोडायला घ्यायचीस. वायर टेपच्या भोकात गेली की बाहेर आवाज यायचा बंद. मग जे काय बोलणं व्हायचं, ते कॅसेट आणि यंत्र या दोघांतच.

क्लास बंद केलास तेव्हा यंत्र, टेप, सगळ्या कॅसेट मुलांना वाटून टाकल्यास. त्यांच्यातल्या एकाहीकडे आता काही उरलेलं नाही, मी प्रत्येकाला विचारलं. तुझ्या गोदरेजच्या कपाटात, पासबुकांच्या मागे, शालीखाली, एकच निघाली. डबीवर तुझ्या अक्षरात ‘मंडई – ९’.

नेमकी तीच का ठेवलीस?

‘मंडई’ आठवते ना? मी काय विचारते आहे, तूच ती केलीस. वर्षभर खपत होतीस. बाहेरच्या कंपन्यांना देशात मोकळीक मिळाली, पेपरात रोज कॉम्प्युटर कॉम्प्युटर चाललेलं, आणि तू शाळेतून येऊन आलेखाच्या वहीत चौकोन रंगवत बसायचीस. महात्मा फुले मंडईचे गाळे, मधून अरुंद वाटा, हातात पिशवी घेतलेला एक ठिपका, आणि मागे लागलेली गाय. यादीतल्या भाज्या पिशवीत घालून बाहेर पडायचं, गाईने कोथिंबीर ओढायच्या आत. गाय आठ चौकोन आडव्या, आठ चौकोन उभ्या जागेत बसवायची होती. ती रंगवायला तू मला दिलीस. मी रंगवली, तू चष्मा वर करून बघितलंस आणि विचारलंस, "ही गाय आहे की स्टूल?" मी म्हटलं, शेपटीला जागाच उरत नाही. तू म्हणालीस, "मंडईतल्या गाईला शेपटी नसली तरी चालेल. तोंड हवं."

ती गाय माझी होती, आत्या. एवढ्याचसाठी मला आणखी लाज वाटते.

आता ते सांगते, जे तेहतीस वर्षांत तुला सांगितलं नाही.

डेक्कनवर कुणाच्या तरी बंगल्यात एक नवी सॉफ्टवेअर कंपनी निघाली होती. त्यांना माणसं हवी होती. तुझ्या शाळेतल्या कुणीतरी ओळख काढली, आणि ते म्हणाले, तुम्ही काय केलंय ते घेऊन या, बघू. सोमवारी जायचं ठरलं. शनिवारी संध्याकाळी तू नववी आवृत्ती कॅसेटवर चढवलीस, एकदा चालवून बघितलीस, आणि कंपासपेटीतल्या कर्कटकाने कॅसेटच्या पाठीवरची जीभ तोडलीस. जीभ म्हणजे तो प्लॅस्टिकचा छोटा तुकडा. तो मोडला की टेपरेकॉर्डरचं रेकॉर्डचं बटण खाली जातच नाही, कॅसेटवर दुसरं काही चढवता येत नाही. मी शेजारी उभी होते. तू म्हणालीस, "आता ही सुरक्षित."

रविवारी सकाळी तू ओट्यापाशी होतीस. मला तेव्हा बातम्या द्यायचं वेड लागलं होतं. टीव्हीवरच्या बाईसारखा पदर, म्हणजे आईची ओढणी, समोर कागद, आणि टेप. तू दिलेली कोरी कॅसेट मी दोन्ही बाजूंनी भरून टाकली होती. ‘मंडई’ची कॅसेट टेपमध्येच होती. मला माहीत होतं, खेळ पाच मिनिटांचा, पुढे सगळी कोरी. पुढच्या कोऱ्या जागेत बातम्या भरू, असं मी ठरवलं. बटण खाली जाईना. जीभ तुटलेली होती ना. मग मी लिमलेटच्या गोळीच्या कागदाची घट्ट घडी केली आणि त्या भोकात कोंबली. बटण खाली गेलं.

म्हणजे हे नकळत झालं असं म्हणायचीही सोय नाही. तू कुलूप लावलंस आणि मी ते तुझ्यादेखत शिकून दुसऱ्या दिवशी उघडलं.

सोमवारी तू मोठ्या पिशवीत यंत्र, टेप आणि ती कॅसेट घेऊन रिक्षाने गेलीस. संध्याकाळी बाबांना सांगत होतीस ते मी दाराआडून ऐकलं. कॅसेट सुरुवातीला आहे हे डोळ्यांनी बघितलं, घाईत थेट वायर जोडली, प्ले दाबलं. समोर चार माणसं. एररसुद्धा आली नाही. यंत्र नुसतं वाट बघत राहिलं, आणि त्याच्याबरोबर ती चार माणसंही. बाबांनी विचारलं, "मग?" तू म्हणालीस, "मग काय. त्यांनी चहा दिला. पुन्हा या म्हणाले. म्हणजे येऊ नका." मग मला दाराआड बघितलंस आणि म्हणालीस, "मनू, जेवून घे."

जुनी, आठवी आवृत्ती घरात होती की! का नाही गेलीस परत? गाय थोडी हळू चालत होती, एवढाच फरक होता. त्यांनी खरंच पुन्हा बोलावलं असेल तर? एवढा कसला ताठा, आत्या? हे तुला विचारायचं होतं आणि तोंड नव्हतं. मला सॉफ्टवेअरमध्ये पहिली नोकरी लागली तेव्हा पेढा हातात घेऊन तू म्हणालीस, "बरं झालं. घरातलं कुणीतरी गेलं आत." सगळे हसले. मी माझा पेढा तसाच परत बशीत ठेवला.

आता चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. दुसऱ्यांनी केलेले प्रोग्रॅम कुठे मोडतील ते मी आधी मोडून बघते. चूक पुन्हा घडवून बघितल्याशिवाय ती मान्य करायची नाही, हा आमचा नियम. माझीच एक चूक तेवढी मला पुन्हा घडवता येत नाही. मी कॅसेट मागे नेली होती का? नेलीच असणार, नाहीतर खेळ बिघडला नसता. पण कुठवर? थोडी मागे नेली असेल, तर सुरुवातीची तुझी सूचना अजून तिथे आहे, आणि रविवारी बाबा ती ऐकतील. अगदी पहिल्यापासून नेली असेल, तर तुझ्या बोलण्यावर मी बोलले आहे. मी डोळे मिटून ती सकाळ आठवते. ओढणी आठवते, गोळीचा वास आठवतो, तुझ्या कुकरची शिट्टी आठवते. मागे नेण्याचं बटण दाबलं का, ते आठवत नाही. महिनाभर हेच चाललंय. गॅस बंद केला का, हे मी रोज तीनदा बघते, तू हसायचीस. आता त्यात ही भर.

नारायण पेठेत आगाशे म्हणून आहेत, टेपरेकॉर्डर दुरुस्त करतात. तुझ्यासारखेच आहेत. मी कॅसेट रुमालात गुंडाळून नेली तर म्हणाले, "ताई, हे तान्हं बाळ नाही, कॅसेट आहे. ठेवा इथे." मग भिंगातून बघितली. फितीला मागून दाबून धरणारी छोटी गादी गळून पडली आहे, फीत एका ठिकाणी चुरगळली आहे. दुसऱ्या कवचात घालावी लागेल. मी विचारलं, वाजेल का? "एकदा वाजेल. दुसऱ्यांदा वाजेल असं मी म्हणणार नाही." डबीतला कागद प्लॅस्टिकला चिकटून बसलाय, तो मी भीतीने ओढला नव्हता, तोही त्यांच्याकडेच दिला.

एकदा. म्हणजे उद्या त्या एकदाच वाजण्यात मोबाईलवर तिची नक्कल उतरवायची. मी काल तीन वेळा तालीम केली. फोन येऊ नये म्हणून विमानाचं चिन्ह दाबून ठेवायचं, चार्जिंग पूर्ण, शिवाय दुसरा मोबाईल. तरी रेकॉर्डचं बटण दाबायला विसरले तर? किंवा, आत्या, तेव्हा दाबायला नको होतं ते दाबलं आणि उद्या दाबायचं ते राहिलं, असं झालं तर?

एकदा सांगायचा प्रयत्न केला होता. तू अंथरुणाला खिळल्यावर. नर्स चहाला गेली होती. मी म्हटलं, "आत्या, ती मंडईची कॅसेट…" तू डावा हात उचललास, कपाटाकडे केलास. मला वाटलं थंडी वाजते आहे. मी शाल काढून तुझ्या अंगावर घातली. तू ती ढकललीस. मी पुन्हा घातली. तू पुन्हा ढकललीस आणि तोंड भिंतीकडे फिरवलंस. मला वाटलं, तुला सगळं कळलं आणि तू रागावलीस. त्या शालीखालीच ती कॅसेट निघाली.

काय सांगायचं होतं गं तुला?

थांबते. अक्षर बिघडायला लागलंय.


शुक्रवार, संध्याकाळ

आत्या, मी ती मागे नेली होती. अगदी पहिल्यापर्यंत.

पत्र इथून पुढे नव्याने सुरू करावं असं वाटलं होतं, पण मग कालच्या सगळ्या काळज्या फाडून टाकाव्या लागल्या असत्या. राहू देत.

अकराला पोचले तर आगाशे म्हणाले, "साडेदहापासून समोरच्या फुटपाथवर उभ्या आहात. आत आला असतात तरी मी चावलो नसतो." कॅसेट नव्या कवचात घालून तयार होती. मी दोन्ही मोबाईल मांडले. त्यांनी बटण दाबलं आणि दुसऱ्याच क्षणाला, खरखरीतून, माझा आवाज. बारा वर्षांचा, नाकातला. "नमस्कार. बिबवेवाडीच्या ठळक बातम्या."

सुरुवातीपासून. तुझी सूचना नाही, तुझा क्रमांक नाही, ‘हात पुसावेत’ नाही. मी सगळ्यावरून बोलत सुटले होते. मला तिथल्या स्टुलावर बसवेना. मनात एकच, आता बाबांना काय सांगू. आगाशे दुसरीकडे बघत होते. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की मी फीत बघतो, आवाज ज्याचा त्याने ऐकावा.

आणि ती मुलगी आपली वाचतेच आहे. "इमारतीची मोटर पुन्हा बिघडली. दुसऱ्या मजल्यावरच्या मांजरीला तीन पिल्लं झाली असून दोन बोक्याच्या वळणावर गेली आहेत. आज सकाळी नळाचं पाणी सात वाजता गेलं."

मग लांबून, ओट्याकडून, भांड्यांच्या आवाजातून:

"सहाला."

आत्या, मी तोंडावर हात दाबला, मोबाईलवर माझा हुंदका जायला नको म्हणून.

"सहाला गेलं पाणी. बातमी देण्याआधी बादली बघावी."

मी ठसक्यात: "आत्या, बातम्या चालू आहेत."

"चालू देत की. चुकीच्या चालू देऊ नयेत."

आणि तू हसलीस. नाकातून, तोंड मिटून, ते दोन छोटे हुंकार. मी ते साफ विसरले होते. शब्द विसरू नये म्हणून महिनाभर झुरत होते आणि हसणं विसरल्याचं माझ्या लक्षातच नव्हतं. तुझ्या सूचनांमध्ये तू कधी हसली नसतीस. टेपसमोर तू बाई असायचीस, शाळेतली. ही ओट्यापाशी उभी होती ती आमची आत्या होती, आणि ती दुसऱ्या कशातच उतरलेली नाही.

पुढे आणखी थोड्या बातम्या, मग खट्, आणि मग उरलेल्या ‘मंडई’चा तो कर्कश आवाज. डोकं नसलेला अर्धा खेळ. माझी गाय त्यात कुठेतरी अजून धावत असेल. दोन मिनिटांनी आगाशेंनी बटण दाबून थांबवलं आणि विचारलं, "उतरलं?" मी दोन्ही मोबाईल तपासले. उतरलं होतं.

निघताना त्यांनी जुनं कवच आणि डबीचा कागद वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. मी कवच हातात घेऊन उलटं केलं. जीभ तुटलेल्या जागी भोक. रिकामं. मी विचारलं, "यात एक कागदाची घडी होती, तुम्ही काढलीत?" ते म्हणाले, "माझ्याकडे आली तेव्हा भोक मोकळंच होतं. मोकळं आहे म्हणूनच तर टिकली, नाहीतर कुणीतरी वरून भजनं भरली असती."

ती घडी आपोआप पडणारी नव्हती, आत्या. मी दातांनी दाबून बसवली होती.

घरी येऊन बाबांना ऐकवलं. कानाचं यंत्र लावलं, मोबाईल कानाशी धरला, डोळे मिटले. "सहाला" आलं आणि त्यांनी मोबाईल कानाशी आणखी घट्ट दाबला. संपेपर्यंत ऐकलं. मग डोळे पुसत म्हणाले, "सातलाच गेलं होतं पाणी. मी स्वतः भरत होतो. पण ताईपुढे कोण बोलणार?" आणि पुन्हा लाव म्हणाले. पाच वेळा ऐकलं आणि पाचही वेळा सातलाच गेलं होतं म्हणाले.

त्यांनी मला विचारलं नाही, की ताईचा आवाज खेळाच्या कॅसेटवर, माझ्या बातम्यांत, कसा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मीच सांगितलं. सगळं. गोळीचा कागद, सोमवार, बंगल्यातली चार माणसं. ते म्हणाले, "ताईला माहीत होतं का?" मी म्हटलं, नाही. मग डबीचा कागद उघडला.

तुझी दुसरी सवय मी कालच्या पत्रात लिहायचीच विसरले. टेपवरच्या काउंटरचे फिरते आकडे बघून, कुठल्या आकड्यापासून काय आहे, ते तू प्रत्येक डबीच्या कागदावर आतून लिहायचीस. हाही कागद आतून लिहिलेला होता. वरच्या ओळी, ‘मंडई’च्या, तू पट्टीने रेघ मारून खोडल्या आहेस. खाली, त्याच निळ्या शाईच्या पेनने:

० ते ६२ – मनूच्या बातम्या.
६३ पासून – खेळ, निकामी.
दुरुस्ती: पाणी सहाला गेले.
पुसू नये.

बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. "लेखी देऊन गेली," म्हणाले, "आता भांडणार तरी कुणाशी?"

म्हणजे त्या सोमवारीच, किंवा मंगळवारी, तू वायर काढून कॅसेट ऐकलीस. तुझ्या वर्षभराच्या कामावर मी मांजरीची पिल्लं सांगत बसले होते. तू ते शेवटपर्यंत ऐकलंस, आकडे टिपलेस, माझी घडी काढलीस, कारण आता जपायचं होतं ते माझं होतं. आणि मला एक अक्षर बोलली नाहीस. रागाचं नाही आणि माफीचंही नाही. आत्या, एकदा तरी कान पिळायचास की! मी तेहतीस वर्षं एकटीने हे ओझं वाहिलं आणि तू खालच्या मजल्यावर ते कपाटात घडी घालून ठेवलं होतंस. माझी काळजी तुला एका वाक्यात मिटवता आली असती. की मी येऊन सांगेन म्हणून वाट बघत होतीस? त्या कॅसेटसमोर तुझं यंत्र बसलं होतं तसं? सांगायला तेव्हाही आले नाही, आणि आले तेव्हा तुझ्या अंगावर शाल घातली.

रविवारी सगळे येतील. मी तुला शब्द देते, कॅसेट मी पहिल्यापासून वाजवीन, माझ्या नाकातल्या नमस्कारासकट. तुझा आवाज तेवढा कापून ऐकवणार नाही. त्याआधी उभी राहून सांगेन, की बाईंचा खेळ त्या दिवशी यंत्रामुळे बिघडला नव्हता, माझ्यामुळे बिघडला. तुझी मुलं काय म्हणायचं ते म्हणोत. जुनं कवच तुझ्या फोटोशेजारी ठेवीन, भोक मोकळं ठेवून.

आणि बाबा काहीही म्हणोत, बातमी मी दुरुस्त करून घेतली आहे. पाणी सहाला गेलं.

तुझीच,
मनू
बातमीदार, बिबवेवाडी